वेगावरून अडथळा ओळखताना : कॅरोटिड डॉपलरच्या अभ्यासाची प्रस्तावना

मानेच्या डॉपलर सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की रुग्ण, नातेवाईक आणि पुष्कळदा डॉक्टरही एकच गोष्ट शोधतात : धमनी किती टक्के बंद आहे? ‘उजवी इंटर्नल कॅरोटिड, ७० टक्क्यांहून अधिक अरुंद’ असे वाक्य सापडले की बाकीचे पान सहसा वाचले जात नाही. पण ही टक्केवारी यंत्राने मोजलेली नसते. यंत्राने मोजलेला असतो परत आलेल्या ध्वनीच्या वारंवारितेतला फरक. त्या फरकावरून रक्ताचा वेग काढायचा, वेगावरून धमनीचा अरुंदपणा, अरुंदपणावरून पक्षाघाताचा धोका आणि धोक्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय. एकामागून एक अशी ही अनुमाने आहेत. त्यांतल्या प्रत्येक पायरीवर काहीतरी गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीत कुठे टिकते व कुठे कोसळते हे जाणणे म्हणजेच हा विषय जाणणे.

ही प्रस्तावना रेडिओलॉजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे, तशीच मेडिसिनच्या डॉक्टरांसाठी, भौतिकशास्त्रातून वैद्यकाकडे वळलेल्यांसाठी आणि घरातल्या कुणाचा रिपोर्ट समजून घेऊ पाहणाऱ्या जिज्ञासू वाचकासाठीही आहे. शाळेतली त्रिकोणमिती आणि थोडा धीर एवढे भांडवल पुरेल.

प्रथम जागा नीट पाहू. मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे बोटांना नाडी लागते तिथून, कॉमन कॅरोटिड धमनी वर जाते. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास तिला दोन फाटे फुटतात. इंटर्नल कॅरोटिड मेंदूकडे आणि डोळ्याकडे जाते, एक्स्टर्नल कॅरोटिड चेहरा, जीभ आणि डोक्याच्या त्वचेला रक्त पुरवते. मेंदूचे वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास असते, पण विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा त्याला लागतो, आणि तो क्षणभरही थांबून चालत नाही. म्हणून मेंदूकडच्या धमनीत दोन ठोक्यांच्या मधल्या काळातही रक्त पुढे सरकत राहते. चेहऱ्याकडच्या धमनीत तसे नसते. तिथे ठोका ओसरला की प्रवाह जवळजवळ शून्यावर येतो. स्पीकर सुरू ठेवला तर हा फरक कानालाच कळतो : एकीत सलग वाहण्याचा आवाज, दुसरीत तुटक फटके. शंका राहिलीच तर कानापुढच्या टेम्पोरल धमनीवर बोटाने हलके टकटक करायचे. ती एक्स्टर्नलची शाखा असल्याने तिचे हेलकावे एक्स्टर्नलच्या वेगाच्या आलेखात उमटतात. दोन्हींची ओळख आधी पक्की करावी. ती चुकली तर चेहऱ्याकडच्या धमनीतला निरुपद्रवी अडथळा मेंदूच्या नावावर जमा होतो.

चरबी आणि चुना साचून बनलेला प्लाक नेमका याच फाट्याजवळ का धरतो? इंटर्नल कॅरोटिडच्या सुरुवातीला धमनी फुगीर असते. फाट्याच्या टोकावर आदळलेला मुख्य प्रवाह आतल्या भिंतीला लगटून पुढे जातो, तर बाहेरच्या भिंतीपाशी रक्त मंदावते, घुटमळते आणि काही क्षण उलटही फिरते. १९८३ मध्ये झारिन्स, गिडेन्स, ग्लागोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातल्या धमन्या आणि त्यांच्या प्रतिकृतींमधला प्रवाह यांची सांगड घातली. भिंतीवर प्रवाहाचे घर्षण सर्वांत कमी असलेल्या जागीच थर सर्वांत जाड आढळला. प्रवाह जोरात असलेल्या जागी भिंत झिजत असेल ही साधी समजूत त्यामुळे मागे पडली. नव्या अभ्यासकाला याचा उपयोग लगेच होतो : फुगवट्यात पडद्यावर दिसणारा निळा-लाल भोवरा बहुधा निरोगीपणाचेच लक्षण असतो, आणि शोध घ्यायचा तो बाहेरच्या भिंतीचा.

पक्षाघाताचे मूळ मानेत असू शकते हे वैद्यकाला सहज उमगले नाही. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये लिस्बनला मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी सुरू केली आणि जिवंत माणसाच्या धमन्या क्ष-किरणांत दिसू लागल्या. तरी पक्षाघात झाला म्हणजे मेंदूतलीच वाहिनी बंद झाली असणार हा समज टिकून होता. १९५१ मध्ये कॅनडाच्या सी. मिलर फिशर यांनी इंटर्नल कॅरोटिड बंद पडण्यावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. रुग्णांच्या हकिकती त्यांनी बारकाईने ऐकल्या होत्या. मोठ्या झटक्याआधी काही रुग्णांना एका डोळ्यापुढे काही मिनिटे पडदा आल्यासारखे झाले होते, कुणाचा हात थोडा वेळ लुळा पडून पुन्हा पूर्ववत झाला होता. हे इशारे आणि मानेतली धमनी यांचा संबंध त्यांनी जोडला, आणि एक दिवस शल्यचिकित्सक या जागी मार्ग काढतील असेही सुचवले. तीनच वर्षांनी, १९५४ मध्ये, लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी असे वारंवार झटके येणाऱ्या एका स्त्रीच्या कॅरोटिडचा रोगट भाग कापून टोके जोडली आणि ‘लॅन्सेट’मध्ये तो वृत्तान्त दिला. अमेरिकेत मायकेल डीबेकी यांनी १९५३ मध्येच धमनी उघडून आतला थर खरवडून काढला होता, पण त्याची सविस्तर नोंद पुढे १९७५ मध्ये छापून आली.

शस्त्रक्रिया आली तसा प्रश्न उभा राहिला की ती कुणावर करायची? ठरवायचे तर अडथळा दिसायला हवा, आणि दिसायचा तर अँजिओग्राफी हवी. पण धमनीत नळी सरकवून रंगद्रव्य सोडणे हेच जोखमीचे होते. अमेरिकेतल्या ‘एकास’ या चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले, लक्षणे नसलेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेत मृत्यू किंवा पक्षाघाताचा एकूण धोका २.३ टक्के भरला. त्यातला १.२ टक्के धोका एकट्या अँजिओग्राफीचा होता. म्हणजे आजार टाळण्यासाठी पत्करलेल्या धोक्यातला निम्मा वाटा केवळ पाहण्याचा होता. सुई न टोचता, किरण न वापरता पाहण्याची पद्धत का हवी होती, हे या आकड्यांत स्पष्ट दिसते.

ती पद्धत भलत्याच वाटेने आली. साल्झबुर्गमध्ये जन्मलेल्या क्रिस्टियन डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे जोडताऱ्यांच्या रंगांविषयी निबंध वाचला. स्रोत जवळ येत असेल तर लहरींची वारंवारिता वाढलेली भासते, दूर जात असेल तर घटलेली, हे त्यांचे तत्त्व बरोबर होते. ताऱ्यांचे वेगवेगळे रंग त्यामुळेच दिसतात हा निष्कर्ष मात्र चुकीचा होता. १८४५ मध्ये बाइस बॅलट यांनी नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळ रेल्वेच्या उघड्या डब्यावर वादक बसवले, रुळांच्या कडेला सुरांची जाण असलेले लोक उभे केले, आणि जवळ येणारा सूर चढा व दूर जाणारा उतरा लागतो हे पडताळून पाहिले. शंभरहून अधिक वर्षांनी, १९५० च्या दशकात, जपानमध्ये ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी हेच तत्त्व श्राव्यातीत ध्वनी वापरून आधी हृदयाच्या हालचालींना आणि नंतर काणेको यांच्यासोबत रक्तप्रवाहाला लावले. १९७४ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बार्बर, बेकर, स्ट्रँडनेस प्रभृतींनी धमनीची प्रतिमा आणि तिच्यातला वेग हे दोन्ही एकाच यंत्रात आणले. या जोडतंत्राला डुप्लेक्स म्हणतात. १९८० च्या दशकात त्यात रंग मिसळला.

या रंगाविषयी एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. शाळेत आपण शुद्ध रक्त लाल आणि अशुद्ध रक्त निळे रंगवत आलो. पडद्यावरच्या लाल-निळ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. प्रवाह प्रोबच्या, म्हणजे मानेवर टेकवलेल्या ध्वनिशलाकेच्या, दिशेने येतो की दूर जातो एवढेच तो रंग सांगतो, आणि एक बटण दाबले की अदलाबदल होते. रंगाचे काम वाट दाखवण्याचे. अरुंद जागी रंग उजळतो, फाटतो, विरुद्ध रंगाचे ठिपके उमटतात. तिथे वेग मोजण्याची छोटी खिडकी ठेवायची. मोजमाप होते ते त्या खिडकीतून मिळणाऱ्या आलेखावर.

मोजमापाचे गणित छोटे आहे. शरीरातल्या मऊ भागांत ध्वनी सेकंदाला सरासरी १५४० मीटर जातो असे यंत्र धरून चालते. समजा, ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी सोडला, रक्त सेकंदाला १ मीटर धावते आहे आणि ध्वनीचा किरण प्रवाहाशी ६० अंशांचा कोन करतो. परतलेल्या ध्वनीतला फरक सुमारे ३२५० हर्ट्झ येतो. सोडलेला ध्वनी कुणालाच ऐकू येत नाही, पण हा फरक माणसाच्या ऐकण्याच्या पट्ट्यात बसतो. म्हणून डॉपलर ऐकता येतो, आणि तो ऐकायला शिकणे हे प्रशिक्षणाचे अर्धे काम आहे. अरुंद भागातून सुटलेल्या वेगवान रक्ताची शीळ आणि त्याच्या पुढच्या खळबळीचा खरखरीत आवाज डोळ्याआधी कान पकडतो.

हा फरक काढण्याच्या सूत्रात कोनाचे कोसाइन येते आणि पहिला सापळा तिथेच आहे. कोन यंत्राला माहीत नसतो. तपासणारा माणूस पडद्यावरची रेघ धमनीला समांतर फिरवून तो यंत्राला सांगतो. खरा कोन ३५ अंश असताना ३० सांगितला तर वेग जेमतेम ५ टक्क्यांनी कमी येतो. खरा कोन ६५ असताना ६० सांगितला तर चूक १५ टक्क्यांच्या घरात जाते. हाताची चूक दोन्हीकडे ५ अंशांचीच, पण परिणाम तिप्पट. त्यामुळेच ६० अंशांच्या वर मोजू नये हा दंडक आहे आणि वळणदार धमनीत मोजलेल्या वेगाकडे संशयाने पाहायचे असते.

आता मुख्य प्रश्न. अरुंद जागी वेग का वाढतो? दादरच्या पुलावर जिना अरुंद झाला की गर्दी तुंबते, पावले मंदावतात. रक्ताचे उलट होते, कारण द्रव दाबून लहान होत नाही आणि मागे थांबूनही राहत नाही. दर सेकंदाला जेवढे रक्त मागून येते तेवढे पुढे जायलाच हवे, आणि वाट लहान असेल तर ते जोरानेच जाऊ शकते. व्यास निम्मा झाला की छेदाचे क्षेत्रफळ चौथाई उरते. व्यास ७० टक्क्यांनी घटला की ९ टक्केच उरते. नुसत्या गणिताने वेग पहिल्या वेळी चौपट आणि दुसऱ्या वेळी अकरापट व्हायला हवा. प्रत्यक्षात तेवढा वाढत नाही, कारण अडथळ्यात ऊर्जा खर्च होते आणि एकूण प्रवाहच घटू लागतो.

या घटण्यातच विषयातली सर्वांत महत्त्वाची आकृती दडलेली आहे. १९७९ मध्ये मेरिल स्पेन्सर आणि जॉन रीड यांनी अरुंदपणा, प्रवाह आणि वेग यांचे नाते एका वक्राने मांडले. व्यास निम्म्याहून अधिक घटेपर्यंत एकूण प्रवाहात फारसा फरक पडत नाही, वेग मात्र चढत जातो. पुढे प्रवाह ढासळू लागतो. वेग एका शिखराला पोचतो आणि तिथून झपाट्याने उतरत धमनी पूर्ण बंद होते तेव्हा शून्याला टेकतो. याचा अर्थ असा की एकच वेग दोन अगदी वेगळ्या धमन्यांचा असू शकतो : एक थोडीशी अरुंद आणि दुसरी बंद पडण्याच्या बेतात आलेली. नुसता आकडा वाचणारा दुसरीला पहिली समजेल. प्रतिमेत किती वाट उरली आहे, अडथळ्यापलीकडे धमनी आकसली आहे का आणि आलेखाचा आकार कसा आहे, हे पाहणाराच त्यातून वाचेल.

पूर्ण बंद आणि जवळजवळ बंद यांतला फरक पांडित्याचा नाही. पूर्ण बंद पडलेली इंटर्नल कॅरोटिड उघडण्याची शस्त्रक्रिया सामान्यतः केली जात नाही. केसाएवढी वाट उरली असेल तर निर्णय वेगळा होऊ शकतो. म्हणून ‘प्रवाह नाही’ असे लिहिण्यापूर्वी यंत्र मंद प्रवाहासाठी लावून घ्यावे : वेगाची मर्यादा खाली आणावी, मंद हालचाली गाळणारा फिल्टर कमी करावा, पॉवर डॉपलर हा मंद प्रवाहही टिपणारा प्रकार वापरावा आणि धीराने शोधावे. आजूबाजूच्या खुणाही साक्ष देतात. मेंदूकडची वाट खरोखर बंद असेल तर कॉमन कॅरोटिडमधला सलग प्रवाह तुटक होतो, तिचा आलेख एक्स्टर्नलसारखा दिसू लागतो. उलट, एक्स्टर्नलने डोळ्याभोवतीच्या वाटांनी मेंदूला रक्त द्यायला सुरुवात केली असेल तर तिचाच आलेख इंटर्नलसारखा सलग होतो आणि नवखा माणूस फसतो. अशा वेळी टेम्पोरलवरची ती टकटक कामाला येते.

वेग झाला. पण टक्के कशाचे? अमेरिका-कॅनडातल्या ‘नॅसेट’ आणि युरोपातल्या ‘ईसीएसटी’ या दोन मोठ्या चाचण्यांचे पहिले निष्कर्ष १९९१ मध्ये आले. लक्षणे होऊन गेलेल्या आणि ७० ते ९९ टक्के अरुंद धमनी असलेल्या रुग्णांत नॅसेटने दाखवले की औषधांवर ठेवलेल्यांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला, शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ टक्क्यांना. वैद्यकात इतका ठळक फरक क्वचितच दिसतो. मात्र दोन्ही चाचण्यांनी टक्केवारी वेगवेगळ्या पद्धतीने काढली होती. नॅसेटने सर्वांत अरुंद जागेची तुलना पुढच्या निरोगी इंटर्नल कॅरोटिडशी केली. युरोपीयांनी त्याच जागी धमनी मुळात किती रुंद असावी याचा अंदाज बांधला आणि त्याच्याशी तुलना केली. फुगवटा मुळातच रुंद असल्याने युरोपीय टक्के मोठे येतात. नॅसेटचे ५० म्हणजे त्यांचे साधारण ७० ते ७५. एकाच रुग्णाची एकच धमनी दोन पद्धतींनी दोन वेगळ्या गटांत जाऊ शकते. रिपोर्टमध्ये पद्धतीचे नाव नसेल तर टक्केवारीला अर्थ उरत नाही.

वेग आणि टक्के यांची सांगड घालण्यासाठी अमेरिकेतल्या ‘सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाउंड’ने २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला तज्ज्ञांची बैठक घेतली आणि तिचे निकष २००३ मध्ये छापले. ते आजही जगभर वापरले जातात. ठोक्याच्या शिखरावरचा वेग सेकंदाला १२५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर अरुंदपणा ५० टक्क्यांहून कमी. १२५ ते २३० असेल तर ५० ते ६९ टक्के. २३० च्या वर ७० किंवा अधिक. जोडीला दोन साक्षीदार आहेत. इंटर्नल आणि कॉमन कॅरोटिडमधल्या वेगांचे गुणोत्तर २ च्या आत, २ ते ४ किंवा ४ च्या वर; आणि ठोका ओसरतानाचा वेग ४० च्या आत, ४० ते १०० किंवा १०० च्या वर. जवळजवळ बंद धमनीला मात्र या तक्त्याने वेगाचा आकडा दिला नाही, आणि तो देता येणार नाही हे स्पेन्सरच्या वक्राने आधीच सांगितले होते.

हे आकडे अंतिम सत्य नव्हेत. तज्ज्ञांच्या सहमतीतून ते ठरले. १२५ हा आकडा सिएटलच्या जुन्या निकषांतही होता, पण तिथे टक्के मूळ फुगवट्याच्या रुंदीशी मोजले जात. नॅसेटच्या मापाशी ताडून पाहिल्यावर १२५ ची रेघ अडथळा आहे त्यापेक्षा मोठा दाखवते असे दिसून आले. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या आयोगाच्या समितीने २०२१ मध्ये सुचवले की ५० टक्के म्हणण्यासाठी वेग १८० असावा, किंवा वेग १२५ च्या वर असून गुणोत्तरही २ च्या वर असावे. धमनी तीच आणि वेग तोच असताना एका सुधारणेने ‘मध्यम अडथळा’ असलेला माणूस ‘किरकोळ’ गटात येतो. रिपोर्टात वेग लिहिलेला असेल तर जुना रिपोर्ट नव्या निकषांनी पुन्हा वाचता येतो. फक्त टक्के लिहिले असतील तर तो दरवाजा बंद होतो.

वेगाला फसवणारी कारणे मानेबाहेरही असतात. एका बाजूची कॅरोटिड बंद असेल तर दुसरी जास्त रक्त वाहते आणि तिच्यातला वेग अडथळ्याशिवायच चढतो. तिथे गुणोत्तर खरे सांगते, कारण कॉमन कॅरोटिडमधला वेगही वाढलेला असतो. हृदय कमजोर असेल किंवा महाधमनीची झडप अरुंद असेल तर सगळेच वेग दबतात आणि मोठा अडथळाही साधा वाटू शकतो. प्लाकमध्ये चुना जास्त असेल तर त्याच्या सावलीत अडथळ्याची नेमकी जागाच दिसत नाही. तिथे पलीकडच्या प्रवाहावरून अंदाज बांधावा लागतो आणि सीटी अँजिओग्राफी सुचवणे हाच प्रामाणिक मार्ग ठरतो. स्टेंट घातलेली धमनी ताठर होते, तिच्यात वेग मुळातच जास्त असतो. तिला साधे निकष लावले तर नसलेला अडथळा दिसतो. म्हणून एका धमनीचा आलेख कधीही एकट्याने वाचू नये. दोन्ही बाजू, सर्व फाटे आणि रुग्णाचे हृदय हे एकत्र वाचायचे असते.

इथवरचे बहुतेक आकडे युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून आले. आपल्याकडे दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्या लागतात. भारतासह आशियातल्या रुग्णांत कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण युरोपीयांपेक्षा जास्त आहे. त्यामुळे मानेचा डॉपलर स्वच्छ आला म्हणजे पक्षाघाताचे कारण धमन्यांत नाही, असे म्हणता येत नाही. कवटीच्या आत पाहण्यासाठी १९८२ मध्ये रुने आस्लिड यांनी दाखवून दिलेला ट्रान्सक्रेनिअल डॉपलर, किंवा सीटी-एमआर अँजिओग्राफी लागते. दुसरी गोष्ट ताकायासू आजाराची. तरुण स्त्रियांमध्ये जास्त आढळणारा हा धमन्यांचा दाह आशियात तुलनेने अधिक दिसतो. त्यात फाट्याजवळचा एकाकी प्लाक नसतो. कॉमन कॅरोटिडची भिंत लांबवर, सगळ्या बाजूंनी सारखी जाड होते. पंचविशीतल्या मुलीच्या मानेत असे चित्र दिसले तर टक्केवारीचा तक्ता बाजूला ठेवून दोन्ही हातांचा रक्तदाब घ्यावा.

कामाची रीतही आपल्याकडे निराळी आहे. पश्चिमेत प्रोब सहसा प्रशिक्षित तंत्रज्ञ धरतो आणि डॉक्टर नंतर प्रतिमा वाचतो. भारतात बहुधा रेडिओलॉजिस्टच स्वतः तपासतो. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी केलेल्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी करावी लागते. मान तपासणारे यंत्रही त्यातून सुटत नाही, आणि ते हवे तिथे उचलून नेता येत नाही. या बंधनामागची कारणे महाराष्ट्राला वेगळी सांगायला नकोत. रेडिओलॉजिस्टच तपासत असल्याने हात आणि निर्णय एकाच माणसाचे असतात. खिडकी कुठे ठेवली आणि कोन किती धरला हे तपासणाऱ्यालाच ठाऊक असते. ही मोठी सोय आहे, फक्त ती माहिती रिपोर्टात उतरली पाहिजे.

आणखी एक सावधगिरी तपासणी कुणाची करावी याविषयी. डोळ्यापुढे पडदा आला, हात लुळा पडला, बोलणे अडखळले आणि काही मिनिटांत सगळे पूर्ववत झाले, अशा माणसाचा डॉपलर शक्य तर त्याच दिवशी व्हावा. धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो, आणि शस्त्रक्रियेचा लाभ पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत मोठा, असे चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. काहीच त्रास नसलेल्या सर्वसामान्य माणसाची सरसकट तपासणी हा वेगळा मामला आहे. समजा, अशा १००० जणांत १० जणांना खरा मोठा अडथळा आहे. चाचणी रोग्यांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी ९२ टक्क्यांना निरोगी ठरवते. तर ९ खरे रोगी सापडतील आणि ७९ निरोगी माणसे विनाकारण पुढच्या तपासण्यांकडे ढकलली जातील. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने अशा सरसकट तपासणीविरुद्ध सल्ला दिला आहे, त्यामागे हेच गणित आहे. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये मानेचा डॉपलर दिसला तर ते आठवावे.

वेगाबरोबर भिंतही वाचायला शिकावे. त्याच टक्केवारीचे दोन प्लाक सारखे धोकादायक नसतात. पडद्यावर काळसर दिसणारा, चरबी किंवा रक्त साकळलेला मऊ प्लाक फुटण्याची भीती जास्त. पांढरा, चुनखडीसारखा घट्ट प्लाक तुलनेने स्थिर. पक्षाघात बहुतेक वेळा प्रवाह कमी पडल्याने होत नाही. प्लाकवरून सुटलेला कण किंवा गुठळी वर जाऊन अडकते तेव्हा तो होतो. म्हणजे वेग ज्या गोष्टीचा पुरावा देतो आणि आजार ज्या गोष्टीने होतो, त्या दोन्ही जवळच्या असल्या तरी एक नाहीत. पुढच्या संशोधनाला सर्वांत मोठा वाव इथेच आहे. लक्षणे नसलेल्या रुग्णांवरच्या जुन्या चाचण्या झाल्या तेव्हा स्टॅटिनसारखी औषधे आजच्याइतकी रुळलेली नव्हती. आता औषधांवरच धोका बराच खाली आला आहे. त्यामुळे उरलेल्या थोड्या धोकादायक धमन्या हजारांतून निवडायच्या कशा, हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे, आणि त्याचे उत्तर केवळ टक्केवारीतून मिळणार नाही.

या विषयात येणाऱ्याला माझी सूचना एकच. यंत्रावरचे पहिले काही आठवडे रिपोर्टात टक्केवारी लिहूच नका. प्रत्येक धमनीसाठी शिखरावरचा वेग, ठोका ओसरतानाचा वेग, कोन, खिडकीची जागा, गुणोत्तर, आलेखाचा आकार आणि प्लाकचे रूप एवढेच लिहा. जे दिसले नाही तेही लिहा. मग रुग्णाची सीटी अँजिओग्राफी किंवा शस्त्रक्रियेतला निष्कर्ष मिळाला की आपली वही उघडून ताडून पाहा. आपल्या यंत्रावर, आपल्या हाताने मोजलेला कोणता वेग कोणत्या अरुंदपणाशी जुळतो, हे तुमच्याच नोंदी तुम्हाला सांगतील, आणि सॅन फ्रान्सिस्कोचा तक्ता आपल्याकडे कुठे नेमका बसतो व कुठे सैल पडतो हेही कळेल. त्यानंतर टक्के लिहायला सुरुवात करा, आणि त्यांच्या शेजारी ते कोणत्या निकषाने व कोणत्या वेगावरून काढले हे न चुकता नोंदवा. म्हणजे दुसऱ्या गावातला, दुसऱ्या यंत्रावर काम करणारा डॉक्टर तुमचा रिपोर्ट वाचेल तेव्हा त्याला तुमचा निष्कर्ष पारखून घेता येईल.